पाट, पाणंद आणि पाणथळ : नाशिक रोडभोवतीच्या निवांत सायकलवाटा

नाशिकला सायकलचा अभिमान आहे आणि तो रास्त आहे. २०१५ साली इथल्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी सुमारे ४,८०० किलोमीटरची ‘रेस अक्रॉस अमेरिका’ ही शर्यत दोघांच्या संघात पूर्ण केली. २०१७ साली नाशिकला लष्करी सेवेत असलेले ले. कर्नल श्रीनिवास गोकुळनाथ यांनी तीच शर्यत एकट्याने पार केली. २०१२ पासून नाशिकहून पंढरपूरला सायकलवारी जाते. त्याच्याही कितीतरी आधी नाशिक रोडला सायकल हे कामगाराचं वाहन होतं. नोटांच्या आणि मुद्रांकांच्या छापखान्यांची पाळी सुटली की कॅरिअरला डबा लावलेल्या सायकलींनी रस्ता भरून जायचा.

एवढं सगळं असलेल्या गावात एक साधा प्रश्न मात्र अजून सुटलेला नाही. आठ वर्षांची मुलगी आणि साठी ओलांडलेली आई यांना बरोबर घेऊन, मोटारींच्या धाकाशिवाय, झाडांतून आणि शेतांतून दहा-पंधरा किलोमीटर सायकल चालवायची असेल, तर नाशिक रोडहून जायचं कुठे? शर्यतीचा सायकलस्वार महामार्गाच्या कडेनेही निभावून नेतो. आपल्यासारख्या साध्या सायकलस्वाराला तिथे जागा उरलेली नाही. पुणे रस्ता चौपदरी झाला, २०२७ च्या सिंहस्थासाठी बाकीचे रस्तेही रुंद होत आहेत, आणि रस्ता जितका रुंद तितकी त्याच्या कडेची सायकल असुरक्षित, हा आपल्या सगळ्यांचा अनुभव आहे.

मी या प्रश्नाचं उत्तर वेगवेगळ्या मोसमांत, वेगवेगळ्या दिशांना शोधत आलो आहे. त्यातून एक गोष्ट पक्की झाली. नाशिक रोडभोवती जंगलातून जाणारा, खास सायकलसाठी आखलेला मार्ग नाही. पण मोटारींपासून दूर असलेल्या वाटांचं जाळं मात्र आहे, आणि ते कुणी नव्याने बांधायची गरज नाही. पाटाच्या कडेचे मुरमाचे रस्ते, शिवारातल्या पाणंदी आणि पाणथळीच्या काठच्या वाटा हेच ते जाळं. या लेखात त्याचा आढावा घेतला आहे.

सोपी वाट कशाला म्हणायचं?

वाट सोपी आहे की नाही हे ठरवायला मी एकच कसोटी वापरतो. दोघांना शेजारी-शेजारी सायकल चालवत गप्पा मारता आल्या पाहिजेत. धाप लागत असेल तर चढ जास्त आहे. हँडलवरून नजर हटवता येत नसेल तर रस्ता खराब आहे. आणि मागून हॉर्न वाजला म्हणून बोलणं तोडून एकामागे एक व्हावं लागत असेल, तर ती वाट निवांत नाही. चढ, पृष्ठभाग आणि वर्दळ या तिन्ही गोष्टी या एका कसोटीत येतात.

शंभर टक्के मोटारमुक्त रस्ता आपल्याकडे क्वचितच मिळेल. शिवारातला रस्ता शेतकऱ्याचा आहे. तिथे ट्रॅक्टर येणार, दुधाची मोटारसायकल येणार, द्राक्षांच्या क्रेट घेऊन पिकअप येणार. त्या वाहनांचा त्या रस्त्यावर आपल्याआधी हक्क आहे. टाळायची आहे ती एका शहरातून दुसऱ्या शहरात धावणारी, त्या शिवाराशी काहीच संबंध नसलेली वाहतूक.

घराजवळची वाट : दोन नद्यांमधलं शिवार

नाशिक रोडच्या पूर्वेला गोदावरी आणि दारणा या दोन नद्या हळूहळू एकमेकींजवळ येत जातात. त्यांच्या मधली जमीन सपाट, काळी आणि बागायती. सामनगाव रस्त्याने शासकीय तंत्रनिकेतन मागे टाकलं की शहर विरळ होतं, आणि एकलहरे, सामनगाव, कोटमगाव, हिंगणवेढे या गावांना जोडणारे अरुंद रस्ते सुरू होतात. एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्राची धुराडी आणि शीतक मनोरे बराच वेळ सोबत राहतात, त्यामुळे नकाशा नसला तरी वाट चुकायची भीती नाही. मुलांसह पहिल्यांदा बाहेर पडणाऱ्यांनी इथूनच सुरुवात करावी. बारा-पंधरा किलोमीटरचा फेरा सहज होतो, आणि थकवा आलाच तर कुठूनही परत फिरता येतं.

थोडी जास्त तयारी असेल तर दोन्ही नद्यांच्या संगमापर्यंत जावं. गोदावरी-दारणा संगमावर सिन्नर तालुक्यातलं जोगलटेंभी आहे, नाशिक रोडपासून वीसेक किलोमीटरवर. या छोट्या गावाचं नाव जगभरच्या नाणेतज्ज्ञांना ठाऊक आहे. १९०६ साली इथे क्षत्रप राजा नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. त्यांतल्या बहुतेक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने स्वतःचा छाप पुन्हा मारलेला होता. एका राजाने दुसऱ्याला हरवल्याचा इतका ठोस पुरावा क्वचितच हाती लागतो. त्याच नहपानाच्या जावयाचे, उषवदाताचे, आणि गौतमीपुत्राची आई गौतमी बलश्री हिचे शिलालेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. शाळेतल्या मुलांना इतिहासाचा हा धडा संगमावर सायकल टेकवून सांगितला तर तो विसरला जाणार नाही.

या वाटेवर मोसम बघून जावं. पळशाला साखर कारखाना आहे. गळीत हंगामात उसाच्या दुहेरी ट्रॉल्या आणि बैलगाड्या या अरुंद रस्त्यांवर असतात. भरलेली ट्रॉली वळणावर झोकांडते, म्हणून ती दिसली की सायकलवरून उतरून रस्त्याच्या कडेला उभं राहावं.

दुसऱ्या दिशेला, पश्चिम-दक्षिणेला, देवळाली कॅम्प आणि भगूर. छावणीतले जुने, झाडांच्या सावलीतले रस्ते सकाळी शांत असतात. नाशिक रोडपासून आठ-नऊ किलोमीटरवर भगूर, स्वातंत्र्यवीर सावरकरांचं जन्मगाव. तिथून पुढे दारणेच्या खोऱ्यात शिवाररस्ते निघतात. इथे एकच गोष्ट कटाक्षाने पाळायची. देवळाली हे तोफखान्याचं केंद्र आहे. माळरान कितीही मोकळं, मोहक दिसलं तरी लष्कराच्या सराव-क्षेत्राची पाटी किंवा लाल झेंडा दिसला की तिथूनच मागे फिरायचं.

पाटाची वाट

सायकलसाठी सपाट रस्ता शोधायचा तर पाण्याला विचारावं. कालव्याचं पाणी गुरुत्वानेच वाहतं, म्हणून मोठ्या पाटाचा उतार किलोमीटरमागे वीत-दीड वीत इतकाच ठेवतात. पाटाच्या कडेने देखभालीसाठी जो मुरमाचा रस्ता असतो, त्यालाही तोच उतार मिळतो. पाट टेकडीला वळसा घालतो, चढत नाही. त्यामुळे डोंगराळ मुलखातही पाटाच्या कडेची वाट पायांना जाणवत नाही. इंग्लंडमध्ये बंद पडलेल्या लोहमार्गांवर सायकलवाटा केल्या, त्यांच्या सोपेपणाचं कारण हेच आहे. तिथे इंजिनाला चढ नको होता, इथे पाण्याला नको आहे.

नाशिक जिल्ह्यात अशा पाटांचं मोठं जाळं आहे. गंगापूर धरणाचा डावा कालवा मखमलाबाद, म्हसरूळ, आडगावच्या अंगाने निफाडकडे जातो. कडवा धरणाचा कालवा सिन्नर तालुक्यातून वाहतो. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यापासून निघणारे गोदावरीचे डावा आणि उजवा असे दोन कालवे कोपरगाव-राहात्यापर्यंत पोचतात. आवर्तन सुटलेलं असलं की एका बाजूला भरून वाहणारं पाणी, दुसऱ्या बाजूला द्राक्षबाग किंवा कांद्याची रोपं, आणि भरावावर बाभळी-कडुनिंबाची सावली. खंड्या आणि वेडे राघू तारांवर बसलेले दिसतात. मला विचाराल तर नाशिकच्या सायकलस्वाराला निसर्गाने आणि पाटबंधारे खात्याने मिळून दिलेली ही सगळ्यात मोठी देणगी आहे.

पण ही वाट हक्काची नाही. पाटाचा रस्ता पाटबंधारे खात्याच्या मालकीचा आणि देखभालीसाठी राखलेला आहे. पाटकरी ‘पुढे जाऊ नका’ म्हणाला तर ऐकायचं. भराव कुठे खचला आहे, कुठे मोरीचं काम चालू आहे हे त्याला ठाऊक असतं. पाटाला कठडा नसतो, काँक्रीटचे अस्तर घातलेले काठ शेवाळाने निसरडे असतात आणि आवर्तनात पाण्याला ओढ असते. म्हणून लहान मुलांना पाण्याच्या बाजूला चालवू द्यायचं नाही आणि पाय धुवायलाही उतरू द्यायचं नाही.

या पाटांचं पुढे काय होऊ शकतं, तेही नाशिक रोडलाच दिसतं. उपनगर-जेल रोड भागात एक ‘कॅनॉल रोड’ आहे. नाव कालव्याचं, पण आज तो शहरातला भरधाव रस्ता आहे. वाटेवर डांबर पडलं की मागोमाग मोटारी येतात, आणि मोटारी आल्या की ती वाट सायकलची राहत नाही.

पाणथळ : नांदूर मध्यमेश्वर

नाशिक रोडपासून चाळीस किलोमीटरच्या घरात, निफाड तालुक्यात, गोदावरी आणि कडवा यांच्या संगमावर १९०७ ते १९१३ या काळात बंधारा बांधला गेला. हेतू सिंचनाचा होता. पण वर्षानुवर्षं गाळ साठत गेला, उथळ पाणी, बेटं आणि पाणवनस्पती तयार झाल्या, आणि उत्तरेकडून येणाऱ्या पक्ष्यांनी ही जागा आपलीशी केली. १९८६ साली ती अभयारण्य म्हणून जाहीर झाली, आणि २०२० च्या जानेवारीत महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून तिचं नाव आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळींच्या यादीत गेलं. पक्षितज्ज्ञ डॉ. सालिम अली यांनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, हे इथले लोक अभिमानाने सांगतात.

सायकलस्वारासाठी ही जागा का महत्त्वाची? एक तर हा सगळा परिसर सपाट आहे. चापडगाव, खानगाव थडी, मांजरगाव ही काठावरची गावं एकमेकांना लहान रस्त्यांनी जोडलेली आहेत आणि त्यांच्यातून जाताना एका बाजूला सतत पाणी दिसत राहतं. दुसरं म्हणजे पक्षी पाहण्याचा वेग हा सायकलचाच वेग आहे. मोटारीतून चक्रवाक निसटतात, चालत गेलं तर एका सकाळी एकच मनोरा होतो. सायकलवर मात्र मनोऱ्यापासून मनोऱ्यापर्यंत जाता येतं. हिवाळ्यात थापट्या, तलवार बदक, चक्रवाक, कांड्या करकोचे, चित्रबलाक, जांभळ्या पाणकोंबड्या इथे दिसतात, आणि वर दलदली भोवत्या घिरट्या घालत असतो. त्याच्या सावलीबरोबर सगळं पाणी एकदम उठतं, तो क्षण एकदा पाहिलेला माणूस पुन्हा येतो.

जाण्याची सोय पाहायची तर नाशिक रोडकरांच्या हाताशी स्थानक आहे. ओढा, खेरवाडी, कसबे सुकेणे आणि मग निफाड. निफाडहून अभयारण्य बारा-तेरा किलोमीटरवर. घडीची सायकल असेल तर हा प्रवास सोपा. साधी असेल तर पार्सल खिडकीवर आदल्या दिवशी चौकशी करावी. मोटारीवर सायकली लादून चापडगावापर्यंत जाणं हाही पर्याय आहे, पण काठावर पोचल्यावर मोटार गावात ठेवावी. अभयारण्याच्या फाटकावर नोंद करायची, सायकल कुठवर न्यायची ते विचारायचं आणि शक्य असेल तर गावातला वाटाड्या बरोबर घ्यायचा. त्याला पक्षी कुठे बसतात ते माहीत असतं आणि त्याला मिळणारे पैसे गावातच राहतात.

थंडीची तयारी हवी. निफाडला हिवाळ्यात पारा किती उतरतो ते कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्राच्या नोंदी दरवर्षी वर्तमानपत्रांत सांगतात. दोन अंशांच्या खाली गेल्याचीही उदाहरणं आहेत. पाण्याकाठच्या वाऱ्यात सायकलवर हातमोजे नसतील तर ब्रेक दाबायला बोटं वळत नाहीत.

डोंगरातली राखीव रानं

‘संरक्षित जंगल’ हा शब्द आपण सैलपणे वापरतो. कायद्यात मात्र त्याचे प्रकार आहेत. १९२७ च्या भारतीय वन अधिनियमाखालच्या ‘राखीव वना’त, ज्याला परवानगी नाही ते सगळं मना असतं. ‘संरक्षित वना’त, जे मना केलेलं नाही ते चालतं. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखालचं अभयारण्य याहून कडक. आणि २००२ च्या दुरुस्तीने आलेला ‘संवर्धन राखीव’ हा प्रकार आसपासच्या गावांना सोबत घेऊन चालायचा. सायकल घेऊन निघण्याआधी आपण यांतल्या कुठल्या रानात शिरतो आहोत हे माहीत हवं.

सिन्नरच्या वाटेवरचं मोहदरीचं वनोद्यान नाशिक रोडला सगळ्यात जवळचं. पण तिथे जायचं तर महामार्गाचा घाट चढावा लागतो, आणि पकडलेले बिबटे अनेकदा याच वनोद्यानात आणले जातात. मुलांबरोबर सायकलने जायची ही जागा नव्हे.

नाशिकच्या उत्तरेचं बोरगड हे महाराष्ट्रातलं पहिलं संवर्धन राखीव क्षेत्र, २००८ साली जाहीर झालेलं. साडेतीन चौरस किलोमीटरच्या आसपासचं हे रान तुंगलदऱ्याच्या गावकऱ्यांनी, नेचर कन्झर्व्हेशन सोसायटी ऑफ नाशिक या संस्थेने आणि वन विभागाने मिळून राखलं आहे. उघडाबोडका डोंगर चराई आणि तोड थांबवली की कसा भरून येतो, ते इथे डोळ्यांनी दिसतं. म्हसरूळ ओलांडल्यावरचा गावरस्ता सायकलला बरा आहे. डोंगर चढायचा तो मात्र पायीच.

त्र्यंबक रस्त्यावरच्या अंजनेरीचाही हाच न्याय. गिधाडांचं वसतिस्थान आणि फक्त इथल्या परिसरात सापडणारी कंदीलपुष्पाची जात असलेला हा डोंगर आहे. सायकल पायथ्याच्या गावात ठेवावी. डोंगरावरची पायवाट सायकलसाठी रुंद व्हावी असं मला तरी वाटत नाही. काही ठिकाणी चाक न्यायचं नसतं, हे सायकलस्वारानेच आधी म्हटलं पाहिजे.

भंडारदऱ्याचा फेरा

खऱ्या अर्थाने जंगलातून जाणारी वाट हवी असेल तर नाशिक रोडहून सत्तरेक किलोमीटरवर भंडारदऱ्याला जावं. १९८६ साली जाहीर झालेलं कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्य ३६१ चौरस किलोमीटरहून मोठं आहे, आणि १९२६ साली पूर्ण झालेल्या विल्सन धरणाचा जलाशय त्याच्या आत आहे. शेंडी गावाहून निघून मुतखेल, रतनवाडी, साम्रद, घाटघर, उडदावणे, मुरशेत अशी गावं घेत जलाशयाला वळसा घालून परत शेंडीला येता येतं. हा फेरा चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरचा. चढउतार आहेत, म्हणून घरातल्या सगळ्यांना तो झेपणार नाही. पण शेंडी ते रतनवाडी जाऊन, अमृतेश्वराचं कोरीव मंदिर पाहून त्याच वाटेने परतणं बहुतेकांना जमेल. दोन्ही बाजूंना जांभूळ, हिरडा, सादडा, आणि मधेच झाडांच्या फटीतून पाणी.

इथे वाटेपेक्षा तारीख महत्त्वाची. काजव्यांच्या दिवसांत आणि पावसाळ्यातल्या शनिवार-रविवारी या अरुंद रस्त्यावर मोटारींची रांग लागते. त्यांच्या दिव्यांनी काजव्यांचाही त्रास वाढतो आणि सायकलस्वाराचाही. नोव्हेंबर ते जानेवारीतला मधला वार धरावा. तेव्हा भाताच्या खाचरांत कापणीनंतरचं बुडखं उरलेलं असतं, हवा स्वच्छ असते, आणि दोन गावांच्या मधे बराच वेळ एकही इंजिन ऐकू येत नाही.

पूर्वेला येवला तालुक्यातलं ममदापूरचं काळवीट संवर्धन राखीव क्षेत्रही सपाट गवताळ मुलखात आहे. नाशिक रोडपासून ते शंभर किलोमीटरच्या आसपास पडतं, त्यामुळे मुक्कामाची सोय असलेल्यांसाठी एवढा उल्लेख पुरे.

बिबट्या, फवारणी आणि सराटे

दारणाकाठच्या सुंदर वाटांबद्दल लिहिताना एक गोष्ट लपवणं चुकीचं ठरेल. या पट्ट्यातला ऊस हे बिबट्यांचं घर झालं आहे. २०२० साली दारणाकाठच्या गावांत बिबट्याच्या हल्ल्यांत माणसांचे, त्यातही लहान मुलांचे, बळी गेले. तिथल्या आया आजही तिन्हीसांजेला पोरांना अंगणात सोडत नाहीत. सायकलस्वाराने त्यांच्याकडूनच शिकावं. पहाटेचा अंधार आणि संध्याकाळ टाळायची. उन्हं अंगावर आल्यावर निघायचं आणि ती कलायच्या आत परतायचं. मुलांना दोन मोठ्यांच्या मधे ठेवायचं, उसाला लागून थांबून वाकून काही करायचं नाही, आणि आवाज करत राहायचा. गप्पा मारत जाण्याची आपली कसोटी इथे सुरक्षेचा नियमही होते. पाणथळीला नेमकं उलट. म्हणून घरच्यांना मी एवढंच सांगतो : उसात बोला, पाण्याकाठी गप्प राहा.

दुसरी काळजी द्राक्षबागांची. ट्रॅक्टरला जोडलेला ब्लोअर चालू असताना औषधाचा फवारा वाऱ्यावर रस्त्यापर्यंत येतो. असा ट्रॅक्टर दिसला की वाऱ्याच्या वरच्या बाजूला थांबावं; तो बागेच्या दुसऱ्या टोकाला वळेपर्यंत दोन-चार मिनिटंच लागतात. हिवाळ्याच्या सकाळी फवारणी नेहमीची असते.

तिसरी काळजी चाकांची. पाणंदीत बाभळीचे काटे, माळावर सराटे. डांबरी रस्त्यासाठीच्या बारीक टायरवर इथे येऊ नये; रुंद, खोल नक्षीचा टायर थोडी कमी हवा ठेवून चालवावा. एक जादा ट्यूब, पंक्चरचं सामान, पान्हा आणि हातपंप बरोबर हवाच. पावसाळ्यात काळ्या मातीच्या पाणंदीत शिरूच नये. चिखल मडगार्डमध्ये बसला की सायकल ढकलतही नेता येत नाही. जून ते सप्टेंबर पाटाकडेचे मुरमाचे रस्ते आणि डांबरी गावरस्ते, ऑक्टोबर ते फेब्रुवारी पाणंदी आणि पाणथळ, मार्चनंतर फक्त सकाळचे तीन तास, असं वर्षाचं वेळापत्रक बसतं.

इतरांनी काय केलं

ज्या भरतपूरची उपमा आपण नांदूर मध्यमेश्वरला देतो, तिथल्या केवलादेव राष्ट्रीय उद्यानात पाहुण्यांनी सायकल भाड्याने घ्यायची किंवा सायकलरिक्षात बसायचं, अशी रीत आहे. रिक्षा चालवणारेच पक्ष्यांची ओळख करून देतात. २९ चौरस किलोमीटरच्या उद्यानात पाहुण्यांच्या मोटारी आत आल्या नाहीत म्हणून पर्यटन अडलं नाही, उलट गावकऱ्यांना काम मिळालं. मुंबईत बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानातही सायकल भाड्याने मिळते आणि कान्हेरी लेण्यांच्या दिशेने झाडांतून जाता येतं.

नेदरलँड्समधल्या होगे वेलूवे उद्यानाने १९७० च्या दशकात पांढऱ्या सायकली ठेवायला सुरुवात केली. आज तिथे अशा सुमारे १,८०० सायकली आहेत, चाळीस किलोमीटरहून लांब सायकलवाटा आहेत, आणि तिकीट काढलेल्या कुणालाही सायकल मोफत वापरता येते. पैसा आणि हवामान आपल्याकडे वेगळं आहे. पण फाटकाच्या आत पाहुण्यांच्या हाती सायकल द्यायची, ही कल्पना या तिन्ही ठिकाणी सारखी आहे, आणि तिला फारसा खर्च लागत नाही.

आपल्याला काय हवं

सायकलवाट म्हटली की आपल्याकडे रंगवलेला पट्टा, पेव्हर ब्लॉक आणि उद्घाटनाची फीत डोळ्यांपुढे येते. वरच्या आढाव्यातून मला उलटं दिसतं. वाट सायकलची होते ती गाड्या अडवल्याने, डांबर टाकल्याने होत नाही. म्हणून मागण्या छोट्या आहेत.

पाटबंधारे खात्याने पाटाच्या निवडक टप्प्यांवर लोखंडी आडवा दांडा लावावा आणि त्याच्या कडेला सायकल जाईल इतकी फट ठेवावी. खात्याची गाडी कुलूप काढून जाईल, भरधाव मोटार आत येणार नाही. खचलेल्या आणि धोक्याच्या जागी पाटी असावी. वन विभागाने चापडगावच्या फाटकावर गावातल्या तरुणांच्या हाती वीस-पंचवीस सायकली द्याव्यात आणि पाहुण्यांच्या मोटारी गावातच थांबवाव्यात. महापालिकेने नाशिक रोड स्थानकापासून सामनगाव रस्त्यापर्यंतचा, म्हणजे शिवाराला पोचायच्या आधीचा गजबजलेला तुकडा सुरक्षित करावा. मुलांबरोबर निघताना खरी भीती तिथेच वाटते. एकदा शिवार लागलं की ती संपते.

पाणंदींचा प्रश्न वेगळा आहे आणि तो शेतकऱ्याच्या बाजूने पाहायला हवा. अतिक्रमणांनी कितीतरी पाणंदी बुजल्या. बांधावरून वाट मिळवण्यासाठी शेतकरी महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली तहसीलदाराकडे खेटे घालतो. २०२१ साली राज्याने मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना आणली ती याच गरजेतून. पाणंद मोकळी झाली तर आधी त्याचा माल बाजारात वेळेवर पोचेल, आणि त्याच्या मागोमाग आपली सायकलही जाईल. म्हणून गावाने पाणंद मोकळी करायची मागणी केली तर शहरातल्या सायकलस्वारांनी त्यांच्या बाजूने उभं राहावं. आपल्या बाजूने एवढं पाळायचं : ट्रॅक्टरला आधी वाट द्यायची, बागेतला घड तोडायचा नाही, पाण्याची बाटली आणि बिस्किटाचा पुडा परत घरी आणायचा, आणि गावात चहाला थांबायचं.

चहाला थांबण्याचं मोल मी कमी लेखत नाही. हिंगणवेढ्याच्या किंवा मांजरगावच्या पारावर चार सायकली टेकल्या की कुठून आलात, कुठे निघालात अशी चौकशी होते. पाटाला पाणी कधी सुटणार, बिबट्या काल कुठे दिसला, पुढची पाणंद वाहती आहे की बुजली, हे सगळं तिथे कळतं. नकाशात यातलं काही नसतं. या वाटा टिकवणारे लोक तेच आहेत, आणि ओळखीच्या माणसासाठी गाव वाट मोकळी ठेवतं.

सुरुवात लहानच करावी. डिसेंबरातल्या एखाद्या रविवारी, उन्हं चढल्यावर, सामनगावच्या रस्त्याने निघावं. मुलीची सायकल मधे, आई पुढे, आपण मागे. तंत्रनिकेतनाच्या पुढे गाड्या कमी झाल्या की आईच्या शेजारी जाऊन बोलायला लागावं. एकलहऱ्याची धुराडी उजव्या-डाव्या हाताला सरकत राहतील. बोलणं न तुटता दोन गावं मागे पडली, तर ती वाट आपली झाली असं समजावं, आणि पुढच्या रविवारी शेजारच्या घरालाही बोलावावं.